पंचनाम्याआधीचे मोजमाप

परभणी जिल्ह्यात नैसर्गिक आपत्तीचे मोजमाप होत नाही, असे म्हणता येणार नाही. ते बारकाईने होते, मात्र आपत्ती येऊन गेल्यानंतर होते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते, मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक शिवारात उतरून पंचनामे करतात, पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक आहे की कमी हे ठरते आणि त्यावर मदतीचा दर लागतो. २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषांनुसार हा दर जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा दोन हेक्टरांच्या मर्यादेत ठरला. ही सारी व्यवस्था मदत वाटण्यासाठी उभी राहिली आणि त्या कामापुरती ती आवश्यकही आहे. अडचण वेगळीच आहे. मदत वाटण्यासाठी तयार झालेली मापेच हळूहळू जोखीम ओळखण्याची मापे होऊन बसली आणि ज्या हानीचा पंचनामा होत नाही ती हानी जोखमीच्या हिशेबातूनही गळाली. परभणी ते गंगाखेड मार्गावरील पोखर्णीसारखे एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवले, तर या गळतीचे स्वरूप नीट दिसते; कारण पोखर्णी गोदावरीच्या ऐन काठावर नाही, डोंगराच्या पायथ्याशी नाही, कोणत्याही नकाशावर ठळक रंगात नाही, आणि तरीही तेथील माणूस वर्षाच्या बाराही महिन्यांत कोणत्या ना कोणत्या धोक्याच्या टप्प्यात असतो.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन संज्ञा आधी स्पष्ट करणे इष्ट आहे. भूकंप, पूर, वीज, उष्णतेची लाट, पावसाचा दीर्घ खंड या निसर्गातल्या घटना म्हणजे धोका होय. त्या धोक्याच्या वाटेत त्या वेळी जी माणसे, घरे, जनावरे आणि पिके असतात, त्यांचा धोक्याशी येणारा संबंध म्हणजे संपर्क. आणि तोच आघात झाला असता एकाचे थोडे तर दुसऱ्याचे सर्वस्व जाते, या फरकामागची जी घडण असते, ती असुरक्षितता. या तिन्हींच्या एकत्र येण्यातून जोखीम तयार होते. धोका पाचपट वाढला आणि वाटेत कोणीच नसले तर जोखीम शून्य राहते. धोका किरकोळ असला आणि वाटेत मातीच्या भिंतीखाली झोपलेले कुटुंब असले तर ती प्राणांतिक ठरते. मार्च २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे स्वीकारलेल्या आराखड्यात आपत्ती निवारणाचा भर घटनेवरून जोखमीवर आणावा, असे जगातील राष्ट्रांनी मान्य केले ते याच विचाराने. भारताचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याआधीच, २००५ साली झाला होता. त्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सह-अध्यक्ष असतात, आणि जिल्ह्यातील असुरक्षित भाग कोणते हे जिल्हा आराखड्यात नमूद करण्याचे बंधन आहे. म्हणजे कायद्याने भाग विचारला आहे. पण ‘भाग’ म्हणजे तालुका, मंडळ, गाव, वस्ती की घर, हा प्रश्न मोकळा राहिला, आणि या प्रश्नाच्या उत्तरावरच मूल्यांकनाची किंमत ठरते.

पावसाचेच उदाहरण घ्यावे. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असते आणि त्याच्या आकड्यावर आसपासच्या अनेक गावांचा पाऊस ठरतो. मराठवाड्यातला वळवाचा किंवा परतीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एका शिवारात ओढा फुटून वाहत असताना शेजारच्या शिवारात धूळही बसलेली नसते, हे सांगावे लागत नाही. शिवाय ६५ मिलिमीटर हा २४ तासांचा आकडा आहे. तेवढाच पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर काळी जमीन त्यातला मोठा भाग रिचवते, आणि दोन तासांत कोसळला तर तोच पाऊस बांध फोडून वरची सुपीक माती वाहून नेतो. उलट बाजूने, कोणत्याही एका दिवशी ६५ ची रेषा न ओलांडता आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला तर भारी काळ्या जमिनीतले पाणी हटत नाही, शेत चिबडते, सोयाबीन पिवळे पडते आणि कपाशी उभी सुकते. या नुकसानीला बरीच वर्षे नियमांत जागाच नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततच्या पावसाला आपत्ती म्हणून मान्यता दिली. निर्णय योग्यच होता. पण चिबडलेले शेत ही काही २०२३ साली सुरू झालेली गोष्ट नव्हे. जी जोखीम गावातील प्रत्येक शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, ती शासकीय दृष्टीने तोवर अस्तित्वातच नव्हती, कारण तिला मोजण्याची रेषा आखलेली नव्हती.

पीक विम्याच्या गणितात हा दोष आणखी खोल जातो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरवण्यासाठी उंबरठा उत्पन्न काढतात: मागील सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे बहुधा ७० टक्क्यांनी गुणले जाते, आणि चालू वर्षाचे उत्पन्न पीक कापणी प्रयोगात त्याच्या खाली आले तरच भरपाई मिळते. सातांपैकी दोन वाईट वर्षे वगळण्यामागे शेतकऱ्याचे हित आहे हे खरे. पण एखाद्या मंडळात सात वर्षांतील चार वर्षे खराब गेली, तर त्यांतली दोन वगळूनही उरलेली दोन सरासरीत येऊन बसतात. समजा चांगल्या वर्षी हेक्टरी १० क्विंटल सोयाबीन होते आणि वाईट वर्षी ४ क्विंटल. सात वर्षांत दोनच वाईट असतील तर सरासरी १० आणि उंबरठा ७ राहील, परंतु चार वाईट असतील तर सरासरी ७.६ वर उतरून उंबरठा जेमतेम ५.३ होईल. मग ज्या वर्षी ६ क्विंटल पिकले ते वर्ष पहिल्या मंडळात आपत्तीचे ठरते आणि दुसऱ्यात नाही. म्हणजे आपत्ती जितकी वारंवार येते तितके संरक्षण खाली सरकते आणि वारंवार बुडणारा प्रदेश कागदावर सुरक्षित दिसू लागतो. राज्याने २०२३ च्या खरिपात सुरू केलेली एक रुपयातील विम्याची सवलत २०२५ मध्ये थांबवली आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान ही भरपाईची कारणे वगळून केवळ पीक कापणी प्रयोगावर योजना आणली. काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी शेतातच ताडपत्रीखाली उभी असते, मळणीयंत्राची वाट पाहत असते, आणि त्याच आठवड्यात परतीचा पाऊस येतो. हा सोयाबीनपट्ट्यातला सर्वांत नेमका, तारखेनिशी सांगता येण्यासारखा धोका आहे. तो मोजमापातून काढून टाकल्याने कमी झालेला नाही. तो सर्वस्वी शेतकऱ्याच्या माथी गेला आहे.

पिकाचे नुकसान निदान मोजले तरी जाते. घराचे तसे नाही, आणि मराठवाड्याला घराची किंमत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात कळलेली आहे. किल्लारी पोखर्णीपासून दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा सारा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. आणि मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेली. माणसे मेली ती जमीन हादरल्यामुळे कमी आणि घरे अंगावर आल्यामुळे अधिक. माळवदाचे घर कसे असते हे पाहिले म्हणजे कारण कळते. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून आणि आतून दगडांच्या दोन वेगळ्या पाळ्यांनी रचलेली असते, मधली पोकळी बारीक दगड आणि मातीने भरलेली असते, दोन्ही पाळ्यांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला असतो, आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, जो गळती थांबवण्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी नव्या मातीने वाढत गेलेला असतो. धक्का बसला की दोन पाळ्या एकमेकींपासून सुटतात, एक आत पडते, एक बाहेर, आणि झोपलेल्या माणसांवर दगड-मातीचा ढीग येतो. किल्लारी परिसरात अनेक घरांचे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या होत्या व भिंती तेवढ्या कोसळल्या होत्या. बांधणीतला दोष किती ठरावीक होता आणि दुरुस्त करता येण्याजोगा होता, हे यावरून दिसते.

त्यानंतर नकाशा बदलला. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर वरच्या विभागात गेला. पण नकाशा जिल्ह्याला रंग देतो, भिंतीला देत नाही. हिंगोली जिल्ह्यात गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या आणि सौम्य धक्क्यांच्या नोंदी होत आहेत; मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये तेथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. अशा धक्क्यांनंतर नागरिकांनी घाबरू नये, असे आवाहन होते. ते चुकीचे नाही. पण त्या आवाहनाबरोबरच कोणत्या गावात अजून किती माळवदाची घरे वस्तीत आहेत आणि त्यांतल्या किती भिंती फुगल्या आहेत, हे विचारले गेले पाहिजे. फुगलेली भिंत उघड्या डोळ्यांना दिसते. ती मोजायला भूकंपशास्त्रज्ञ लागत नाही, गावचा अनुभवी गवंडी पुरतो.

येथे आणखी एक बारकावा आहे, जो तालुका पातळीच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. गेल्या तीस वर्षांत अनेकांनी माळवद उतरवून त्या जागी पत्रे घातले. भूकंपाच्या दृष्टीने हा बदल हिताचा झाला, कारण डोक्यावरचा भार गेला. पण तेच पत्र्याचे घर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी भट्टीसारखे तापते आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही, आणि वळवाच्या वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांना नीट आकडे मारणे परवडत नाही ते वर मोठे दगड ठेवतात. वारा पत्र्याखाली शिरला की पत्रा उचकटतो आणि दगड घरात पडतो. एकाच छताने एक जोखीम घटवली, दुसरी वाढवली आणि तिसरी नव्याने निर्माण केली. भूकंपाचा विचार करणारा विभाग वेगळा, उष्म्याचा वेगळा, घरकुलाचा वेगळा, त्यामुळे हे तिन्ही परिणाम एकत्र येतात ते फक्त त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात. जोखमीचे एकक घर असले पाहिजे असे म्हणण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

नकाशे आणि याद्या यांच्यावर विसंबण्याचा धोका किल्लारीनंतरही महाराष्ट्राने अनुभवला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने स्वतःच सांगितले. यादी मुळात चांगल्या हेतूने तयार होते, पण एकदा झाली की ती दुहेरी काम करते: जी नावे तीत आहेत त्यांच्याकडे लक्ष वेधते आणि जी नाहीत त्यांच्याविषयी निश्चिंत करते. किल्लारी पहिल्या विभागात होती आणि इर्शाळवाडी यादीबाहेर होती, या दोन घटनांतून एकच निष्कर्ष निघतो की वरून खाली येणाऱ्या मूल्यांकनाला खालून वर जाणारे मूल्यांकन जोडले नाही, तर रिकाम्या जागा सुरक्षित जागा समजल्या जातात.

परभणीसारख्या सपाट जिल्ह्यात दरडीची भीती नाही. तेथे माणसे मारणारा धोका आकाशातून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात नैसर्गिक कारणांनी ८,०६० मृत्यू झाले आणि त्यांतले २,८८७ वीज पडून झाले, म्हणजे दर तिघांमागे एकाहून अधिक. पूर, भूकंप, वादळ यांचे नाव आपत्ती म्हणून पटकन ओठांवर येते, पण वीज एका वेळी एक-दोन माणसे घेते, म्हणून ती बातमीच्या कोपऱ्यात राहते. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीतही वीज आणि उष्णतेची लाट यांना दीर्घकाळ स्थान नव्हते. राज्यांनी आपापल्या निधीतील ठरावीक हिश्श्यातून त्यांच्यासाठी मदत द्यावी, अशी तरतूद राहिली, आणि महाराष्ट्रात वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना मदत मिळते. मदत मिळते, पण जोखीम मोजली जात नाही.

ती मोजायची झाली तर काय दिसेल? वीज सर्वांवर सारखी पडत नाही. जून महिन्यात पेरणीच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीच्या दिवसांत, दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान, जे उघड्या रानात असतात त्यांच्यावर ती पडते. खुरपणीला आणि काढणीला दहा-बारा बायकांची टोळी एका शेतात असते. शेत गावापासून दोन-अडीच किलोमीटर, मध्ये चिखलाची पाणंद, आणि आभाळ भरून आले तरी हजेरी मोडली तर मजुरी कापली जाईल ही धास्ती. पाऊस सुरू झाला की सगळ्या जणी बांधावरच्या एकमेव झाडाखाली जमतात. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्या माणसाकडे झेपावते आणि मुळांभोवतीच्या ओल्या जमिनीतूनही पसरते. दोन पायांतल्या अंतराएवढ्या जमिनीवरही विद्युतदाबात फरक पडत असल्यामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, आणि चार पाय दूर दूर असलेली जनावरे याच कारणाने अधिक दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. ते उपयुक्त आहे. परंतु खुरपणाऱ्या बाईच्या हातात स्मार्टफोन असतोच असे नाही, असला तर रानात रेंज असते असे नाही, आणि सूचना मिळाली तरी जायला जवळपास पक्का निवारा नसेल तर त्या सूचनेचा अर्थ केवळ भीती एवढाच उरतो. शेतातला आखाडा, म्हणजे राखणीचे छप्पर, बहुधा पत्र्याचा आणि तीन बाजूंनी उघडा असतो. तेव्हा पोखर्णीच्या शिवारात विजेची जोखीम मोजणे म्हणजे वर्षाकाठी किती विजा पडतात हे मोजणे नव्हे. शिवाराच्या कोणत्या कोपऱ्यातून पक्क्या छताखाली पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे मोजणे होय. हे मोजमाप शाळेतील मुलेही गावनकाशावर करू शकतील.

उष्म्याविषयीही थोडेफार असेच आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हाने झालेला मृत्यू हृदयविकार किंवा नुसतेच ‘अशक्तपणा’ म्हणून नोंदला जाण्याची शक्यता मोठी असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचे तापमान परभणीच्या लोकांना नवल वाटावे असे नव्हते. घातक ठरला तो संपर्क, म्हणजे गर्दी, सावलीचा अभाव, दमट हवा आणि उन्हात बसण्याचा काळ. पोखर्णीचे नृसिंह मंदिर प्रसिद्ध आहे आणि नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसाच्या तोंडावर येते. वर्षभर एखाद्या खेड्याएवढी असलेली लोकसंख्या जेव्हा उत्सवाच्या दिवशी अनेक पटींनी वाढते, तेव्हा जनगणनेच्या आकड्यावर आधारलेले मूल्यांकन त्या दिवशी निरुपयोगी ठरते. रांगेवर सावली किती, पाण्याची टाकी किती अंतरावर, वयोवृद्ध भाविकांना बसायला जागा कोठे, वादळ आल्यास मंडपाचे काय, या प्रश्नांची उत्तरे देवस्थान आणि ग्रामपंचायत यांच्याच हातात असतात, आणि ती आपत्ती आराखड्याचा भाग मानली पाहिजेत.

पुराचा विषय जिल्ह्यात तुलनेने अधिक अभ्यासला गेला आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवणे पुरेसे की परभणीच्या गोदाकाठाचा पूर परभणीत पडलेल्या पावसाने क्वचितच ठरतो. पैठणचे जायकवाडी, सिंदफणेवरील माजलगाव, पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर येथील विसर्ग, शिवाय नदीवरील बंधाऱ्यांची दारे यांच्या वेळा जुळल्या की गोदाकाठची ठिकाणे पाण्याखाली येतात. ऑगस्ट २००६ मध्ये ते दिसले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिसले. पूररेषांच्या अर्थाबाबत मात्र गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. याचा अर्थ लाल रेषेचा पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, आणि तीस वर्षे त्या रेषेच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. शिवाय हा हिशेब जुन्या पावसावर बेतलेला आहे. पावसाची तऱ्हा बदलली की रेषाही जुनी होते. आणि ओढ्यांना तर रेषाच नसतात. पोखर्णीसारख्या आतल्या गावांना भीती गोदावरीची नसून गावालगतच्या ओढ्याची असते, ज्याच्या पात्रात अतिक्रमण झालेले असते, ज्यावरच्या नळकांडी पुलात काटेरी झुडपे अडकतात, आणि ज्याच्या काठावरच्या सखल जागी बहुधा भूमिहीन कुटुंबांची वस्ती असते. असुरक्षितता ही भूगोलाइतकीच जमिनीच्या मालकीच्या इतिहासातून आलेली असते, हे मान्य केल्याशिवाय मूल्यांकन प्रामाणिक होणार नाही.

दुष्काळ हा मराठवाड्याचा सर्वांत परिचित धोका. १९७२ चा दुष्काळ आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात कालगणनेचा टप्पा म्हणून येतो आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच्या मोजणीचा इतिहास पैसेवारीचा आहे: पीक ५० पैशांच्या आत आले की टंचाई. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती आणि भूजल असे निर्देशांक आणले, पण एकक तालुका आणि मंडळ हेच राहिले. याउलट २०१८ पासून परभणीसह मराठवाडा आणि विदर्भातील सुमारे पाच हजार गावांत राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला गावोगावी ‘पोकरा’ म्हणतात, प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली: गावात पाऊस किती पडतो, वाहून किती जातो, मुरतो किती आणि पिके मागतात किती. गाव हे एकक धरून वैज्ञानिक मोजमाप करता येते, हे या उदाहरणाने सिद्ध झाले आहे. जे पाण्याच्या बाबतीत जमले ते भिंत, वीज आणि उष्म्याच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की हजारो गावांत घरोघर मूल्यांकन करण्याएवढे मनुष्यबळ यंत्रणेकडे नाही. तलाठ्याकडे आधीच अनेक गावे आणि अनेक योजना आहेत. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावे लागते की पंचनाम्यासाठी तीच यंत्रणा दर पावसाळ्यात, घाईने, चिखलात आणि लोकांच्या रोषात शिवारभर फिरतेच; त्यातले थोडे श्रम एप्रिलमध्ये खर्च झाले तर ऑक्टोबरमधले कमी होतील. शिवाय यातील बहुतेक निरीक्षणे तांत्रिक नाहीत. पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, गवंडी, वायरमन आणि शिक्षक यांना मिळून गावातला प्रत्येक एकाकी वृद्ध माणूस, प्रत्येक फुगलेली भिंत आणि लोंबणारी प्रत्येक तार माहीत असते. त्यांचे ज्ञान एका कागदावर येत नाही एवढेच. भूजलतज्ज्ञ, भूकंपशास्त्रज्ञ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील हवामानतज्ज्ञ यांची गरज त्यानंतर, त्या कागदाची तपासणी करण्यासाठी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गावानेच जोखीम ठरवायची म्हटले तर प्रत्येक घर धोकादायक ठरेल, कारण धोकादायक ठरण्यात मदतीची आशा असते. आणि वजनदार माणसांची घरे आधी यादीत जातील, ओढ्याकाठची वस्ती शेवटी. पंचनाम्यांच्या बाबतीत अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात, म्हणून ही भीती काल्पनिक नाही. तिच्यावरचा उपाय मात्र मोजमाप टाळणे हा नसून दोन मोजमापे वेगळी करणे हा आहे. आपत्तीपूर्वीच्या नोंदीला कुटुंबनिहाय पैसा जोडलेला नसावा; तिच्यातून निघावीत ती सामायिक कामे, जसे शिवारात दोन-तीन पक्के निवारे, पुलाची साफसफाई, रांगेवरची सावली, पत्र्याला आकडे, भिंतीला बांधदगड. ती नोंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली असावी, म्हणजे कोणाचे घर गाळले गेले हे सर्वांना दिसेल. आणि जोखीम रुपयांत मोजण्याऐवजी आधी माणसांच्या जिवात आणि नंतर सावरायला लागणाऱ्या काळात मोजावी. रुपयांत मोजले तर दहा एकर बागायतदाराचे नुकसान नेहमीच मोठे दिसते. सावरण्याच्या काळात मोजले तर एक म्हैस गेलेली भूमिहीन विधवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य शासनाने जाहीर केलेले पॅकेज ३१ हजार कोटी रुपयांहून मोठे होते. एवढी रक्कम आपत्तीनंतर उभी करता येत असेल, तर तिचा लहानसा अंश आधी खर्च करण्यास पैशाची अडचण आहे, असे म्हणणे टिकणारे नाही.

राज्यात १ मे रोजी ग्रामसभा घेण्याची पद्धत रूढ आहे. वळवाचा पाऊस, पेरणी आणि पोखर्णीच्या बाबतीत बहुतेक वर्षी नृसिंह जयंतीही त्या तारखेच्या आसपास किंवा लगेच पुढे येते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘गावाची आपत्ती-जोखीम नोंद वाचणे व दुरुस्त करणे’ हा एक विषय कायमचा असावा, वाचन घरोघरच्या क्रमाने व्हावे, आणि ओढ्याकाठच्या वस्तीतील व मजूर स्त्रियांपैकी निदान काही जणी उपस्थित असल्याशिवाय तो विषय संपला असे समजू नये. जिल्हा प्राधिकरणाने गावाकडून येणाऱ्या या नोंदी मिळाल्याखेरीज आपला आराखडा अद्ययावत झाल्याचे जाहीर करू नये, आणि पोखर्णीच्या ग्रामस्थांनी त्या नोंदीसाठी वरच्या आदेशाची वाट पाहू नये.